‘क्वांटाइझ बंद होतं’ हे तपासायचं कसं? ‘डिला टाइम’च्या निमित्ताने

सिक्वेन्सरवर ड्रम कसे बसवायचे हे शिकवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तर जे डिला हे नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. त्या नावाला चिकटून येणारं एक विधानही गेलं असेल: हा माणूस क्वांटाइझ बंद ठेवायचा, सगळं हाताने वाजवायचा, म्हणून त्याच्या बीटला ‘फील’ आहे.

संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे विधान एकदा हातात घेऊन उलटसुलट करून बघावं, असं मला वाटतं. कारण ते धडधडीत खोटं नाहीये. धडधडीत खोटं विधान तुमचे मार्गदर्शक पहिल्याच वाचनात खोडून टाकतील. अर्धं खरं विधान मात्र प्रस्तावात शिरतं, तिथून प्रबंधात जातं, आणि मौखिक परीक्षेच्या दिवशी कुणीतरी शांतपणे विचारतं, “हे तुम्ही मोजलं कसं?”

या विधानाची सविस्तर झाडाझडती डॅन चार्नस यांच्या ‘डिला टाइम’ या २०२२ साली आलेल्या पुस्तकात आहे. पुस्तक म्हटलं तर चरित्र आहे, म्हटलं तर लयीच्या इतिहासावरचा निबंध. सांगीतिक विश्लेषणासाठी जेफ पेरेट्झ यांची साथ आहे. आज या पुस्तकाबद्दल लिहितो आहे. ते कुठे भक्कम उभं राहतं आणि कुठे जरा सैल पडतं, दोन्ही बघू. संगीत येत नसलं तरी चालेल; गुणाकार-भागाकार यायला हवा.

आधी यंत्र समजून घेऊ

डिला म्हणजे जेम्स डेव्हिट यान्सी. जन्म १९७४, गाव डेट्रॉइट. फेब्रुवारी २००६ मध्ये, बत्तिसाव्या वाढदिवसानंतर तीन दिवसांनी तो गेला. त्याचं नाव ज्या यंत्राशी कायमचं जोडलं गेलं ते अकाई कंपनीचं एमपीसी ३०००. हे यंत्र १९९४ सालचं. त्यामागचं डोकं रॉजर लिन यांचं. १९८० चं एलएम-१ हे ड्रम मशीन आणि १९८८ चं एमपीसी ६० हेही त्यांचंच.

आता नीट लक्ष द्या. सिक्वेन्सर आवाज साठवत नाही. तुम्ही पॅडवर बोट मारलं की तो तीन गोष्टी टिपतो: कुठलं पॅड, किती जोरात, आणि केव्हा. यातलं ‘केव्हा’ म्हणजे एक पूर्णांक असतो. एमपीसी ३००० एका बीटचे, म्हणजे एका क्वार्टर नोटचे, ९६ भाग करतं. प्रत्येक भागाला टिक म्हणतात. वेग ९० बीपीएम असेल तर एक बीट साधारण ६६७ मिलिसेकंदांचा होतो आणि एक टिक ६.९ मिलिसेकंदांची. सोळांश नोट, म्हणजे बीटचा चौथा भाग, २४ टिकांचा.

क्वांटाइझ करणं म्हणजे शाळेत आपण आसन्न किंमत काढायचो तेच. तुम्ही स्नेअर २७ व्या टिकेवर मारला आणि ग्रिड सोळांशाची ठेवली असेल, तर यंत्र तो उचलून २४ वर ठेवतं. ३७ वर मारला तर ४८ वर ठेवतं. बास, एवढंच.

मग क्वांटाइझ ‘बंद’ केल्यावर काय होतं? तुमचं बोट खरोखर ज्या क्षणी पडलं तो क्षण साठतो का? नाही. तो क्षण जवळच्या टिकेवर जाऊन बसतो. ९० बीपीएमला जास्तीत जास्त साडेतीन मिलिसेकंदांचा फरक पडतो, पण पडतो. म्हणजे ‘बंद’ हीसुद्धा एक ग्रिडच आहे, फक्त बारीक. पूर्ण नोटेचे सोळाऐवजी ३८४ भाग, इतकंच.

हा मुद्दा ड्रमपुरता नाही. सर्वेक्षणात ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय दिले की तुम्ही लोकांच्या मतांना पाच रेघांवर बसवलेलं असतं. विदा आपोआप, जशीच्या तशी येत नाही. तुमची ग्रिड किती बारीक आहे हे पद्धतीच्या प्रकरणात लिहायलाच हवं.

‘मागेपुढे’ होण्याच्या चार वाटा

एखादा ठोका ग्रिडच्या रेघेवर नाही असं तुम्हाला ऐकू आलं. तो तिथे कसा पोचला असेल? निदान चार वाटा आहेत, आणि ‘फील’ हा एकच शब्द या चौघींवर पांघरूण घालतो.

पहिली वाट स्विंगची. यात यंत्र सोळांशांच्या जोडीतला दुसरा सोळांश नियमाने उशिरा वाजवतं. जोडी ४८ टिकांची. ५० टक्के स्विंग म्हणजे दुसरा ठोका बरोबर मध्यावर, २४ व्या टिकेवर. ५४ टक्के म्हणजे २६ व्या टिकेवर. ९० बीपीएमला तो सुमारे १४ मिलिसेकंद उशिरा येतो. ६२ टक्के म्हणजे जवळजवळ ३० व्या टिकेवर, सुमारे ४२ मिलिसेकंद उशिरा. ६६ टक्के म्हणजे ३२ व्या टिकेवर, म्हणजे जोडीची दोनास एक अशी विभागणी. स्वतः लिन यांनी सांगितलं आहे की ९० बीपीएमच्या बीटला काटेकोर ६६ पेक्षा ६२ वर जास्त सैलपणा येतो. गंमत बघा: सगळ्यांना ‘माणसासारखा’ वाटणारा हा सैलपणा पूर्णपणे क्वांटाइझच्या आत राहून मिळतो.

दुसरी वाट सरकवण्याची. एमपीसीवर ‘शिफ्ट टायमिंग’ नावाची सोय आहे. एखाद्या वाद्याचे सगळे ठोके ठरावीक टिकांनी पुढे किंवा मागे न्यायचे. दोन टिका आधी म्हटलं की प्रत्येक स्नेअर तितकाच आधी, दर वेळी, न चुकता. यातही माणसाचा हात थरथरलेला नाही. आकडा भरलेला आहे.

तिसरी वाट हाताची. ग्रिड बारीक ठेवून बोटांनी वाजवलं की प्रत्येक ठोक्याचं अंतर थोडं वेगळं पडतं. लोकांच्या मनात असते ती हीच एक वाट.

चौथी वाट सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. ती आहे सॅम्पलच्या सुरुवातीची. जुन्या रेकॉर्डवरून किकचा आवाज कापून घेताना आघाताआधी २० मिलिसेकंदांची शांतता राहिली, तर नोट बरोबर रेघेवर असूनही आवाज २० मिलिसेकंद उशिरा येणार. ९० बीपीएमला हे जवळपास तीन टिकांएवढं झालं. सिक्वेन्सरच्या पडद्यावर सगळं सरळ दिसतं आणि कानाला वाकडं लागतं. नोट केव्हा सुटली आणि आघात केव्हा ऐकू आला, या दोन वेगळ्या राशी आहेत. कुठली मोजताय हे आधी ठरवा.

चारही वाटांचे ठसे थोडे वेगळे पडतात. फक्त दुसरे-चौथे सोळांश सारख्या अंतराने उशिरा असतील तर स्विंगवर संशय घ्या. एका वाद्याचे सगळेच ठोके एकाच अंतराने हललेले असतील तर सरकवणं किंवा सॅम्पलची सुरुवात. अंतर ठोक्यागणिक बदलत असेल तर हात.

पण इथे एक मेख आहे. हिप-हॉपचा बीट लूपमध्ये फिरतो. दोन बारचा तुकडा हाताने वाजवला आणि तो चाळीस वेळा फिरवला, तर चाळीसही वेळा तीच अंतरं येणार. मग कुणी म्हणेल, “बघा, दर वेळी हुबेहूब तेच आहे, म्हणजे क्वांटाइझ केलंय.” चूक! फेऱ्या-फेऱ्यांची तुलना करून हात आणि यंत्र वेगळे करता येत नाहीत. एकाच फेरीच्या आतले ठोके एकमेकांशी ताडावे लागतात. आणि एका फेरीत स्नेअर चारच असतात. चार निरीक्षणांवर तुम्ही किती ठामपणे बोलणार? नमुना किती मोठा आहे हे गाण्याच्या लांबीवरून ठरत नाही.

पुस्तकाची बाजू

चार्नस यांचं मोठं काम हे की ते या वाटा वेगळ्या करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डिलाने क्वांटाइझ नुसतं बंद केलं नाही. त्याने एकाच बीटमध्ये सरळ आणि स्विंग अशा दोन लयी एकमेकींवर ठेवल्या, काही वाद्यं ग्रिडवर, काही ग्रिडबाहेर, स्नेअर जरासा आधी सरकवलेला, आणि त्यातून सतत डगमगणारी पण कधीच न पडणारी एक लय उभी केली. तिलाच ते डिला टाइम म्हणतात. हे सगळं ते ग्रिडच्या आकृत्या काढून दाखवतात, त्यामुळे स्टाफ नोटेशन न येणाऱ्यालाही कळतं.

यात पणाला काय लागलंय हे विसरू नका. ‘क्वांटाइझ बंद होतं’ या वाक्याचा छुपा अर्थ असा होतो की त्याने काही केलंच नाही. एक बटण दाबलं आणि बाकीचं त्याच्या अंगातून आलं. कृष्णवर्णीय संगीतकारांच्या कष्टांना ‘उपजत’ म्हणून बाजूला सारण्याची अमेरिकेतली सवय जुनी आहे. कोणता स्नेअर किती टिका आधी, हे निर्णय होते. निर्णयांना निर्णय म्हणणं हा न्यायाचा भाग आहे, आणि चांगल्या वर्णनाचाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आज त्याचं एमपीसी ३००० ठेवलेलं आहे. काचेमागचं यंत्र पाहणाऱ्याला त्या यंत्राचा वापर कसा झाला हेही कळावं, ही अपेक्षा रास्तच आहे.

माझ्या तीन हरकती

आता हरकती. पुस्तक आवडलं म्हणूनच या लिहितो आहे.

पहिली, रूपक आणि पुरावा यांच्याबद्दल. चार्नस डेट्रॉइटच्या रस्त्यांचा नकाशा वापरतात. १८०५ च्या आगीनंतर न्यायाधीश वुडवर्ड यांनी शहराची चाकाच्या आऱ्यांसारखी आखणी मांडली. ती अर्धवट राहिली आणि पुढे तिच्यावर वेगवेगळ्या दिशांच्या चौकटी येऊन आदळल्या. एकमेकींना छेदणाऱ्या ग्रिड्स, आणि त्याच शहरात एकमेकींना छेदणाऱ्या लयी! वाचताना मजा येते, संकल्पना चटकन समजते. पण रस्ते वाकडे होते म्हणून लय वाकडी झाली, असं यातून काही सिद्ध होत नाही. रूपक समजावून सांगण्यासाठी वापरा, कारण म्हणून वापरू नका. वाचक या दोहोंत गल्लत करतोच. ती होऊ न देणं लेखकाचं काम आहे, आणि इथे ही सीमारेषा अधूनमधून पुसट होते.

दुसरी हरकत ‘नव्याने घडवलं’ या दाव्याला. पुस्तकाचं उपशीर्षक डिलाला लयीची पुनर्रचना करणारा ठरवतं. उपशीर्षक पुस्तक विकण्यासाठी असतं, हे मान्य. पण ‘पहिला’, ‘नवा’ असले शब्द वापरले की तुलनेसाठी इतरांचा संच लागतो. सरळ आणि स्विंग एकाच वेळी वाजणं १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलमध्येही ऐकू येतं. गिटार सरळ आठांश वाजवते आणि ड्रमर अजून स्विंगमध्येच असतो. मग डिलाचं नवं काय? माझ्या मते नेमका दावा असा हवा: तिथे दोन माणसांच्या सवयींची टक्कर होती, इथे एकच माणूस प्रत्येक वाद्याची जागा टिकेच्या हिशोबाने ठरवतो आणि ती टक्कर लूपमध्ये गोठवून ठेवतो. हा दावा उपशीर्षकापेक्षा लहान आहे, पण तपासता येतो. प्रस्तावात असाच दावा लिहा.

तिसरी हरकत सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरळ, स्विंग आणि डिला असे लयीचे तीन कप्पे पुस्तक करतं. पण हे कप्पे पाडणं हेसुद्धा क्वांटाइझ करणंच आहे! डिलाच्या काही बीटमध्ये स्नेअर आधी येतो, काहींत किक भरकटते, काही बऱ्यापैकी सरळ आहेत. या सगळ्यांना एकच नाव दिलं की प्रत्येक बीट जवळच्या रेघेवर ओढला जातो. नाव सोयीचं आहे, पण नावाच्या आतलं वैविध्य कुणी मोजायचं?

याच्या शेजारी ऑस्लोच्या संशोधिका अॅन डॅनियलसेन यांचं काम ठेवून बघा. डिअँजेलोच्या ‘व्हूडू’ या २००० सालच्या अल्बममधल्या ‘लेफ्ट अँड राइट’ या गाण्यावर त्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक लेख आहे. त्या अल्बमवर ड्रम वाजवणारा क्वेस्टलव डिलाच्या बीटने पुरता भारावलेला होता आणि तसं डगमगतं वाजवणं त्याने मुद्दाम शिकून घेतलं होतं. डॅनियलसेन त्या एका गाण्याच्या लयीचे तीन वेगवेगळे खुलासे शेजारी-शेजारी मांडतात. बीट म्हणजे एक बिंदू न मानता काही रुंदी असलेली जागा मानली तर काय दिसतं, हाही विचार त्यात आहे. चार्नस तीन लयींचं एक वर्गीकरण देतात. डॅनियलसेन एका लयीचे तीन खुलासे तपासतात. चरित्राला पहिली रीत शोभते. तुम्ही प्रबंध लिहिणार असाल तर दुसरी शिका.

प्रयोगशाळेत ‘फील’चं काय झालं?

वादाची दुसरी बाजूही माहीत हवी. १९८७ साली चार्ल्स काइल यांनी मांडलं की संगीत माणसाला ओढून घेतं ते वादकांमधल्या बारीक विसंगतींमुळे. सगळे अगदी एकाच क्षणी वाजवू लागले तर ती ओढ जाते. कल्पना इतकी लोभस होती की अनेकांनी ती गृहीतच धरली.

२०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी श्रोत्यांवर प्रयोग करून निष्कर्ष छापले. फ्रुहाउफ, कोपिएझ आणि प्लाट्झ यांनी साध्या ड्रम पॅटर्नमध्ये किक आणि स्नेअर थोडे आधी-नंतर सरकवून लोकांना ऐकवलं. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी जॅझ, फंक आणि सांबाच्या छोट्या लयींवर तसंच काम केलं. दोन्हीकडे कल सारखाच निघाला: ग्रिडवर नीट बसलेल्या ठोक्यांना श्रोत्यांनी चांगले गुण दिले, आणि सरकवणं वाढलं की गुण उतरले.

म्हणजे डिला खोटा पडला का? मुळीच नाही. त्या प्रयोगांत छोटे, सुटे पॅटर्न होते. डिलाच्या बीटमध्ये बास आहे, सॅम्पल आहे, एकमेकांना ओढणाऱ्या दोन लयी आहेत. प्रयोगांनी खोडलं ते एवढंच विधान: ‘ग्रिडपासून दूर गेलं की आपोआप छान वाटतं.’ हे विधान पडलं ते बरंच झालं. सॉफ्टवेअरमधलं ‘ह्युमनाइझ’ बटण याच समजुतीवर चालतं. ते प्रत्येक ठोका यदृच्छेने थोडा हलवतं. डिलाच्या बीटमध्ये नेमकी उलटी गोष्ट ऐकू येते. तिथे ठोका चुकीच्या जागी असतो, पण दर फेरीला त्याच चुकीच्या जागी. तिसऱ्या फेरीपर्यंत कान ती जागा मान्य करतो.

जाता जाता एक सावधगिरी. हे वाचून तुमच्यापैकी कुणाला वाटेल, “यात काय नवीन? आपले तबलजी ठेक्याला वजन देतातच की.” मोह आवरा. लय आणि मात्रा हे शब्द आपल्याजवळ आहेत म्हणून विचार करायला सोपं जातं, पण साम्य शब्दांत आहे की ठोक्यांत, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. तबलजी समोरच्या गायकाकडे बघून दर आवर्तनात वजन बदलू शकतो. लूप कुणाकडे बघत नाही. मला तरी हा फरक साम्याइतकाच अभ्यासण्याजोगा वाटतो.

तुमच्या प्रस्तावासाठी

हे वाचून झाल्यावर तासभराचं एक काम करा. कुठल्याही मोफत सिक्वेन्सरवर ९० बीपीएमला दोन बारचा साधा बीट बसवा: किक, स्नेअर, हाय-हॅट. त्याच्या चार प्रती करा. एकीत फक्त हाय-हॅटला ५८ टक्के स्विंग द्या. दुसरीत सगळे स्नेअर १४ मिलिसेकंद आधी न्या. तिसरीत किक हाताने वाजवा आणि क्वांटाइझ करू नका. चौथीत किकच्या सॅम्पलच्या आधी २० मिलिसेकंदांची शांतता घाला. चारही ध्वनिफिती मित्राला द्या आणि फक्त ऐकून, मग तरंगाकृती बघून, कुठली कशी बनली ते ओळखायला सांगा. त्याची उत्तरं आणि त्यामागची कारणं लिहून घ्या. तो कुठे अडतो ते बघा. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणातला सगळ्यात अवघड परिच्छेद तिथेच सापडेल.

मग प्रस्तावातलं आपलं मुख्य विधान काढा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. हे विधान परिणामाबद्दल आहे की प्रक्रियेबद्दल? ‘स्नेअर १४ मिलिसेकंद आधी वाजतो’ हा परिणाम. तो ध्वनिफितीवरून मोजता येतो. ‘त्याने स्नेअर सरकवला’ ही प्रक्रिया. त्यासाठी सिक्वेन्सची फाइल, यंत्राची माहितीपुस्तिका किंवा शेजारी बसलेल्या माणसाची साक्ष लागते. चार्नस यांची ताकद साक्षींमध्ये आहे, डॅनियलसेन यांची मोजमापात, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या पुराव्यावर भागत नाही. दुसरा प्रश्न: माझी ग्रिड किती बारीक आहे, आणि मी करतोय तो दावा त्या ग्रिडहून बारीक तर नाही ना? सात मिलिसेकंदांच्या टिकेवर तीन मिलिसेकंदांचा सिद्धांत उभा राहत नाही. तिसरा: काय दिसलं तर मी हे विधान मागे घेईन?

तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर तुमच्याकडे अजून ‘फील’च आहे, दावा नाही. हरकत नाही, सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. ‘डिला टाइम’ जरूर वाचा, शेजारी सिक्वेन्सर उघडा ठेवून वाचा, आणि प्रत्येक आकृती स्वतः वाजवून बघितल्याशिवाय पान उलटू नका.